वाजणारे मागे

बाई आमच्याकडे पाठ करून खुर्चीवर बसायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "चाल."

मग एकेकीनं दारापासून खिडकीपर्यंत चालायचं, खिडकीपाशी मांडी घालून बसायचं, उठायचं, परत यायचं. गाणं त्यानंतर. सूर हलला तर बाई एक वेळ दुसऱ्यांदा सांगत, पण चालताना अंगावरचं कापड वाजलं तर पुढे तासभर तुमच्याकडे बघत नसत. चालून झालं की खोलीत अशी शांतता पसरायची की आपला श्वाससुद्धा आगाऊपणा वाटावा. आणि मग बाई पाठमोऱ्याच विचारत, "डावीकडे काय आहे?"

डावीकडे नेहमी काहीतरी निघायचंच. कुणाच्या कमरेला किल्ली असायची, कुणाचं जोडवं सैल असायचं, एकीनं तर पदराच्या टोकाला चिंचोके बांधून आणले होते. जिची तिनंच कबुली द्यायची, बाई नुसतं "हं" म्हणायच्या. मी पहिल्या दिवशी काय केलं सांगते. माझ्या डावीकडे काहीसुद्धा नव्हतं. उजवीकडेही नव्हतं. तरी बाईंच्या पाठीकडे बघता बघता मी म्हणाले, "बाई, डावीकडची दाढ किडलीय."

बाईंनी मागे वळूनही पाहिलं नाही. मग म्हणाल्या, "तोंड बंद ठेवून बसलीस तर चालेल."

गाण्याच्या शिकवणीला आलेल्या मुलीला तोंड बंद ठेवून बसायला सांगितलं, हे माझ्या लक्षात आलं ते घरी पोचल्यावर. अशी मी हुशार.

बाई वर्ध्यातल्या मुलींच्या एका शाळेत गाणं शिकवत आणि संध्याकाळी सिंदी मेघेतल्या आपल्या दोन खोल्यांत शिकवणी घेत. तेव्हा तिकडे घरं कमी आणि शेतं जास्त, त्यामुळे बाईंना हवी तेवढी शांतता होती. उंच, सडपातळ, अंगावर पांढरी खादी, पायात कापडी वहाणा. लग्न केलेलं नव्हतं, हातात काकण नाही, गळ्यात काही नाही. चालताना त्यांचा आवाज येत नसे, हे त्यांच्याविषयीचं सगळ्यात भीतिदायक सत्य. भांडी घासताना, परसात कैरी खाताना, अगदी आपल्याच घरात असताना मी मध्येच दचकून मागे बघायची. न जाणो, बाई उभ्या असायच्या.

त्यांचं म्हणणं एवढंच की कापड आधी ऐकायचं, मग अंगावर घालायचं. गाण्याला जाताना काय नेसावं, हा त्यांच्या लेखी डोळ्यांचा विषयच नव्हता. खळ घातलेलं सुती कडकडतं, रेशीम सळसळतं, नायलॉन चुरचुरतं आणि टेरिकॉट, बाईंच्या शब्दांत, "भांडतं". कापडाच्या दुकानात त्या शिरल्या की दुकानदार आधी पंखा बंद करायचा. एकदा तो नवा होता, त्यानं थान उलगडून म्हटलं, "बहेनजी, देख लो." बाई म्हणाल्या, "देखना नहीं है, सुनना है," आणि कापडाचं टोक कानाशी नेऊन दोन बोटांत चोळत राहिल्या. शेजारच्या शिंप्यानं आपलं मशीन थांबवलं. रस्त्यावरची गाय तेवढी चालत राहिली, कारण तिला कुणी बाईंबद्दल सांगितलं नव्हतं.

मोगऱ्याचा गजरासुद्धा चालायचा नाही. आमच्यातल्या एका धीट मुलीनं विचारलं, "बाई, मोगरा कुठे वाजतो?" बाई म्हणाल्या, "त्याच्याकडे माना वळतात. माना वाजतात."

नवी खादी फार बोलते म्हणून बाई स्वतः कधी नवी साडी नेसत नसत. ती आमच्यापैकी कुणाला तरी देत. मला दिली तेव्हा आमच्या आईला कोण आनंद. गुरूनं साडी दिली म्हणून तिनं ती आळीभर दाखवली, हळदीकुंकू लावलं. मी वर्षभर ती नेसले, धुतली, वाळवली, आपटली. वर्ष झाल्यावर बाई म्हणाल्या, "गप्प झाली असेल आता. आण परत." आई त्या दिवशी जेवली नाही. मी मात्र मनातून सुटले, कारण त्या साडीत असताना मला स्वैपाकघरात फोडणी घालायचीही धास्ती वाटायची.

दोन-तीन महिन्यांतून एकदा रविवारी सकाळी शाळेच्या हॉलमध्ये गाण्याची बैठक व्हायची. बाहेरगावचे गवई यायचे. दाराशी बाई उभ्या. पायाशी एक बादली, साबणाची वडी, दोरीवर पंचा. मागच्या भिंतीवर त्यांच्याच अक्षरात पाटी, 'वाजणारे मागे'. म्हणजे ज्यांचं काही वाजत असेल त्यांनी शेवटच्या सतरंजीवर, चपलांजवळ बसायचं. पुढे बसायचं असेल तर जे वाजतं ते काढून ठेवायचं. बाई कुणालाही अडवत नसत. नुसतं डोळ्यांत बघून विचारत, "तुमचं काय?" एकदा एक मोठे अधिकारी नवा सफारी घालून आले होते. बाईंनी "तुमचं काय?" म्हटल्याबरोबर ते म्हणाले, "बूट करकरतात." आणि स्वतःच मागे जाऊन बसले. बूट बाहेर काढून ठेवलेले होते.

आणि कूलर बंद. एप्रिलातला वर्धा ज्यांनी सोसलाय त्यांनाच या वाक्याचा अर्थ कळेल. कूलर घरघरतो म्हणून बंद, पुठ्ठ्याचा पंखा फडफडतो म्हणून बंद. माणसं तोडीच्या आलापात निथळत बसायची आणि रुमाल काढायलाही बिचकायची.

तर अशा एका एप्रिलातली गोष्ट. माझं लग्न होऊन चार महिने झाले होते. मला गावातच दिली होती, म्हणून बाईंकडे जाणं लपतछपत चालू होतं. सासूबाई मूळच्या आष्टीच्या. आवाज असा की अंगणातून हाक मारली तर गल्लीतल्या तीन घरांतल्या सुना "आले" म्हणायच्या. त्यांच्यासमोर मी पदर सावरण्यापलीकडे काही करत नसे. आणि एक दिवस बाई आमच्या घरी आल्या. येत्या रविवारी बाहेरगावचे एक बुवा यायचे होते, त्यांच्यामागे एका तानपुऱ्यावर मला बसवायचं होतं.

सासूबाईंनी चहा दिला. कप बशीत वाजला. बाईंनी त्या बशीकडे पाहिलं, नुसतं पाहिलं. सासूबाईंनी गपकन आपला कप बशीतून उचलला आणि शेवटपर्यंत हातातच धरला. त्याच वेळी मला सगळं समजायला हवं होतं. पण मी तेव्हा दाराआड उभी राहून आपल्याच काळजाचे ठोके बाईंना ऐकू जातील का, याचा विचार करत होते.

लपवलेलं गाणं असं उघड झालं, तरी बाई गेल्यावर सासूबाईंनी परवानगी दिली. "जा बाप्पा. पन सवाशीनीवानी बसजो. हात भरून हिरव्या बांगड्या, कपाळाले कुंकू, डोक्यावर पदर. यातलं एक बी कमी दिसलं, त गानं तिथंच सरलं समज. मी समोरच बसून राहीन पाहाले."

दुसऱ्या दिवशी शिकवणीत बाईंनी सांगितलं, "काच स्टेजवर चढणार नाही."

आता शहाण्या मुलीनं काय केलं असतं? एकीची अट दुसरीला सांगितली असती. दोन वाक्यांचं काम. पण तेवढी छाती असती तर मी दाढेची कबुली कशाला दिली असती? मी बाईंना "हो" म्हटलं, सासूबाईंना "हो" म्हटलं आणि केळझरच्या गणपतीला नवस बोलले की दोघींपैकी एकीला रविवारी ताप येऊ दे. फार नको, साधाच. गणपतीनं लक्ष दिलं नाही. शुक्रवारी ताप मलाच आल्यासारखा वाटला, पण सासूबाईंनी कपाळाला हात लावून सांगितलं की भेवाची ऊब आहे, ताप नाही.

गंमत म्हणून सांगते आहे, पण त्या चार दिवसांत मला खरोखर घास उतरत नव्हता. गाणं बंद म्हणजे काय, ते मी बघितलं होतं. आमच्याच गल्लीतल्या एका सुनेची बाजाची पेटी माळ्यावर गेली ती पुन्हा खाली आली नाही. पेटीवर धान्याची पोती रचली होती. रात्री डोळे मिटले की मला ती पोती दिसायची. बांगड्या काढल्या तर सासूबाई गाणं काढून घेणार, ठेवल्या तर बाई भर बैठकीत तानपुरा काढून घेणार. आणि भरल्या सौभाग्यात हात ओके, बिनबांगड्यांचे करायचे, हे मलाही कुठे सोसणार होतं? आईनं सांगितलेले सगळे अपशकुन आठवायचे.

मी काढलेली युक्ती ऐका. रविवारी पहाटे न्हाणीत बसून पांढऱ्या शिवणाच्या दोऱ्यानं मी उजव्या हातातल्या बांगड्या एकमेकींना गुंफल्या; डावा हात तर हलवायचाच नव्हता. एकीखालून, दुसरीवरून, पुन्हा एकीखालून. दुरून हिरव्या दिसाव्यात आणि जवळून मुक्या असाव्यात. हात हलवून बघितला, आवाज नाही. मला वाटलं, जगात माझ्याइतकी चतुर बाई झाली नसेल.

मागच्या दारानं आत जाऊन मी स्टेजवर बसले. पदर पुढे ओढून हात झाकला. बाई दारात होत्या, त्यांनी लांबून बघितलं आणि मान हलवली. काही वेळानं सासूबाई आल्या. पहिल्या रांगेत, बरोबर माझ्यासमोर, मांडी घालून बसल्या. दोन्ही हात पदराखाली. त्यांनी हनुवटी उचलून खूण केली, हात दाखव. मी पदर दोन बोटं मागे घेतला. हिरवं दिसलं. त्यांचं समाधान झालं. मी तानपुरा छेडायला लागले, बुवांनी षड्ज लावला आणि कुणीतरी कूलर बंद केला.

पहिली दहा मिनिटं मी स्वर्गात होते. मग घाम सुटला. मनगटावरून ओघळून तो दोऱ्यात उतरला आणि माझी गाठ सैल झाली. दोऱ्याचं सुटं टोक खाली लोंबून तानपुऱ्याच्या भोपळ्याच्या कडेला, कपचा उडालेल्या एका खाचेत जाऊन अडकलं. मी चार तारा छेडल्या. हात खाली गेला, वर आला आणि दोऱ्याचा एक वेढा उलगडला. पुन्हा चार तारा. पुन्हा एक वेढा.

थांबता येत नव्हतं. तानपुरा थांबला तर बुवांच्या पायाखालची जमीन जाणार. दोरा तोडायला डावा हात आणावा, तर सासूबाईंचे डोळे त्या हातावर. मी छेडत राहिले आणि माझा दोरा माझ्या डोळ्यांदेखत उसवत राहिला. बुवा खर्जात शिरले होते, लोक डोळे मिटून बसले होते, आणि मी मनात वेढे मोजत होते. तीन राहिले. दोन राहिले. कानात नुसती सणसण. त्या वेळी तोडीतला कुठला स्वर लागत होता, हे मला आजही सांगता येणार नाही.

टिक्.

अगदी लहानसा आवाज. काचेवर काच. पण मला तो देवळातल्या घंटेएवढा ऐकू आला. दाराशी बाई हलल्या.

त्या भिंतीच्या कडेकडेनं चालत आल्या. नेहमीसारख्याच, बिनआवाजाच्या. मी समोर बघत होते तरी त्या किती अंतरावर आहेत ते मला पाठीवरच्या काट्यानं कळत होतं. आता स्टेजच्या पायऱ्या. आता माझ्यामागे. एका मुलीला त्यांनी मागे एकदा खांद्याला धरून उठवलं होतं, ती नंतर शिकवणीला आलीच नाही. मी डोळे मिटले. डावा खांदा आपोआप आखडला.

त्या माझ्यामागे बसल्या. माझ्या उजव्या कोपराखालून त्यांचा हात आला आणि चार थंड बोटं माझ्या मनगटाभोवती बसली, बांगड्यांवरून, घट्ट. कानाशी त्या म्हणाल्या, "वाजव. मी धरलंय."

मी वाजवत राहिले. बुवांचा विलंबित झाला, द्रुत झाली, तराणा झाला. बाई तशाच बसल्या, वाकून, हात लांब करून. पकड सैल झाली नाही. एकही बांगडी पुन्हा बोलली नाही.

संपल्यावर पडद्यामागे त्यांनी भोपळ्यात अडकलेला दोरा सोडवला, आपल्या बोटावर गुंडाळून त्याची लहानशी लडी केली आणि माझ्या हातावर ठेवली. "सांगायचं होतंस," म्हणाल्या. मग, "दोरा चांगला आहे. जपून ठेव." उजवा हात डाव्या हातानं चोळत त्या निघून गेल्या.

पण माझं मरण अजून बाकी होतं. सासूबाई बाहेर रिक्षात बसून होत्या.

सायकल रिक्षा उन्हातून निघाली. सासूबाई काही बोलेनात. तसल्या उन्हात दोन्ही हात पदराखाली घेऊन समोर बघत बसलेल्या. त्यांनी टिक् ऐकलं असणार, बाईंनी माझा हात धरलेला तर अख्ख्या हॉलनं पाहिला होता. प्रत्येक वळणावर मला वाटे, आता तोंड उघडतील. माळ्यावरची पोती डोळ्यांपुढे आली. आमच्या गल्लीच्या अलीकडे कडुलिंबाखाली त्यांनी रिक्षा थांबवली आणि रिक्षावाल्याला कोपऱ्यावर पाणी प्यायला पाठवलं. मग पदराखालून हात बाहेर काढले.

हात ओके होते. मनगटावर नुसते पांढरे वळ, आणि बोटांची पेरं लालभडक.

सकाळी मामंजी घरी चांगले होते ना? मधल्या वेळात कुणी निरोप तर आणला नाही? मी काही विचारण्याआधीच त्यांनी कमरेचा रुमाल काढला. आत त्यांच्या हिरव्या बांगड्या.

"पाहून काय राह्यली? घाल लौकर. अशी घरी जाऊ काय मी?"

"आत्याबाई, या कुणी काढल्या?"

"कोन काढन? मीच काढल्या." त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. "ते तुही बाई दारात उभी होती ना. काई म्हणली नाई. नुसतं पाह्यलं आन् 'तुमचं काय?' म्हणलं. मले त घामच फुटला. वाजणारे मागं लिवलं होतं तिथं. मागं बसली असती त तुह्या हातातल्या बांगड्या मले दिसल्या असत्या कशा? मंग लावलं साबन."

म्हणजे माझ्या हातात बांगड्या आहेत की नाही हे पाहायला सासूबाई दीड तास ओके हात पदराखाली लपवून बसल्या होत्या. आज हे लिहिताना मला हसू आवरत नाही. त्या दिवशी हसायची माझी काय टाप. मी खाली मान घालून एकेक बांगडी त्यांच्या सुजलेल्या पेरांवरून चढवत होते. एखादी वाढली तर काय, या भीतीनं दोघींनीही श्वास धरलेला. शेवटची चढली तेव्हा त्यांनी विचारलं, "ते तुहा हात काऊन धरून बसली होती?"

त्या घरात मी बोललेलं ते पहिलं खरं वाक्य असावं. "माझ्या वाजत होत्या म्हणून."

"वाजत होत्या, आन् काढाले नाई लावल्या?"

"नाही. धरून बसल्या."

सासूबाईंनी आपली लाल पेरं चोळली. "माह्या त कोनी धरल्या नाई," त्या म्हणाल्या. आणि रिक्षावाला येताना दिसल्यावर हळूच, "घरी सांगजो नको."

मी सांगितलं नाही. गाणं बंद हा शब्द त्या घरात पुन्हा निघाला नाही. पुढच्या बैठकीला सासूबाई माझ्याआधी तयार होत्या. दारात त्यांनी बाईंच्या विचारण्याची वाटसुद्धा पाहिली नाही, सरळ साबणाच्या वडीकडे हात केला. बाईंनी वडी उचलून बाजूला ठेवली आणि त्यांना पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. बांगड्यांसकट. ते तसं का, हे विचारायची हिंमत आम्हा दोघींनाही शेवटपर्यंत झाली नाही.

परवा माझी नात आली होती. गावात सकाळचं गाणं होतं, तिला मला घेऊन जायचं होतं. "आजी, काय घालू?" म्हणून चार कपडे पलंगावर टाकले. मी खुर्ची फिरवली, तिच्याकडे पाठ करून बसले, डोळे मिटले आणि म्हटलं, "चाल."

ती चालली असावी. मला डाव्या कानानं तीन वर्षांपासून काही ऐकू येत नाही आणि उजव्याचं यंत्र टेबलावर होतं, ते मी नंतर हळूच कानात बसवलं. थोडा वेळ जाऊ दिला. मग विचारलं, "डावीकडे काय आहे?"

मग अगदी बारीक आवाजात ती म्हणाली, "आजी, तुला कसं कळलं? खांद्यावर टॅटू आहे. आईला सांगू नकोस."

मी तशीच पाठमोरी बसून राहिले. इतक्या वर्षांनी मला कळलं की खुर्चीत बसून बाई काय ऐकत असत.

"इकडे ये," मी म्हटलं. ती आली. मी तिच्या डाव्या खांद्यावर चार बोटं ठेवली. "आता चल गाण्याला. मी धरलंय."